शून्याला बोट नाही

आमच्या घोडेगावात जनावरांचा बाजार भरतो त्या दिवशी मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये शक्यतो तोंड उघडत नाही. माईक चालू केला की माझ्याआधी एखादी म्हैस बोलते.

"तुमच्या मागे गाय आहे का?" पुण्याहून मॅनेजरबाईंनी एकदा विचारलं.

"म्हैस. पण मुद्दा तिचाही तोच आहे," मी म्हटलं.

सॉफ्टवेअर कसं वापरायचं याची माहिती लिहिणं हे माझं काम, घरून चालतं. या वेळी विषय होता ओळी मोजणारं एक साधन. डेटाबेसमधल्या तक्त्याचं नाव द्यायचं, एक अट द्यायची. त्या अटीत बसणाऱ्या ओळी किती, तेवढा आकडा ते परत देतं. ओळींत काय आहे ते सांगत नाही. माणूस गुरं पाळायला लागला तेव्हापासून हेच करत आलाय, पण मीटिंगमध्ये त्याला 'एजंटांचं सहावं इंद्रिय' म्हणायचे. एजंट म्हणजे आपली आपण कामं उरकणारे एआय. माझं लिखाण वाचायचं ते त्यांनीच. शेवटपर्यंत वाचणारे वाचक मला पहिल्यांदाच मिळाले.

माझे वडील, आबा, जनावरांचे दलाल. आमच्याकडे सौदा तोंडाने होत नाही. टॉवेलखाली दोघं हात घालतात आणि एकमेकांची बोटं धरून आकडा सांगतात. बाहेरून बघणाऱ्याला नुसता टॉवेल हललेला दिसतो.

धाकट्या बहिणीचं लग्न जुळत आलं तेव्हा मुलाचे वडील आबांना बाजारातच भेटले. वऱ्हाड किती येणार, हे ठरवायचं होतं. आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांच्या हातावर टाकला. बहीण नेमकी आबांचा डबा घेऊन आली होती. तिने टॉवेल पाहिला. पलीकडे दावणीला गाई उभ्या होत्या, त्याही पाहिल्या.

"दात बघितले का त्यांनी माझे?" घरी आल्यावर तिने विचारलं.

"अगं, जेवनाच्या पानांचं चाललं हुतं. बोटाला शंभर पानं," आबा म्हणाले.

"टावेल टाकून?"

"हाताला सवय हाय. त्यात काय येवढं?"

"मंग बांधा की मला बी दावनीला."

आबा खरं बोलत होते, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. टॉवेलखालचा आकडा कशाचा, हे बाहेर उभ्या असलेल्याला कळत नाही. जुळत आलेलं लग्न मोडून ती नाशिकला नोकरीला गेली, तिथेच स्वतःच्या मनाने लग्न केलं आणि आमच्याशी बोलणं बंद केलं.

पुढे आबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी तिला मेसेज केला, 'आबा तुझी वाट बघतात.' तिने वाचल्याच्या निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही.

आबा दवाखान्यातून घरी आले आणि पहिल्याच संध्याकाळी त्यांनी डाव्या हाताने टॉवेल माझ्या हातावर ओढला. खालून बोटं माझ्या मुठीत दिली आणि माझ्याकडे बघत राहिले. मला काही उमजेना.

"इचारत्यात," आई म्हणाली. "लेकीचा किती येळा फोन आला."

मी हात तसाच ठेवला. शून्य कसं सांगायचं? बाजारात शून्याला कुणी जनावर मागत नाही, त्यामुळे त्याला बोटच नाही. मला प्रश्न कळला नाही असं वाटून त्यांनी बोटं सोडवून घेतली, फाकवली आणि पुन्हा दिली. मग हे रोजचंच झालं.

त्याच सुमारास ऑफिसात एक घोळ लक्षात आला. शून्य आलं की एजंटाला वाटायचं, आपलंच काही चुकलं. तो अट जराशी बदलून पुन्हा विचारायचा, मग पुन्हा. मी माहितीत भर घातली, 'शून्य हे उत्तर आहे, बिघाड नव्हे. ते आल्यावर पुन्हा विचारू नये.'

"थोडं पॉझिटिव्ह करता येईल का?" मॅनेजरबाई म्हणाल्या.

"शून्याला?"

वाक्य तसंच राहिलं.

त्या संध्याकाळी आबांनी टॉवेल ओढला तेव्हा आई उंबऱ्यात उभी होती. "धर की येक बोट," ती म्हणाली. "तेवढंच बरं वाटंल त्यांना."

मी एक बोट धरलं.

आबांच्या तोंडाची चांगली बाजू हलली. मग त्यांनी माझा हात चाचपला. मनात नसलेला आकडा धरणाऱ्यांचे हात ओळखण्यावर त्यांचा आयुष्यभराचा धंदा चालला होता. त्यांनी बोट हळूच सोडवून घेतलं. सौदा मोडला की दलाल टॉवेल ओढून खांद्यावर टाकतो. आबांनी ओढला, पण डावा हात खांद्यापर्यंत पोचेना. टॉवेल दोनदा छातीवर पडला. शेवटी मीच तो उचलून त्यांच्या खांद्यावर घातला.

त्यानंतर त्यांनी विचारलेलं नाही. बहिणीचं अजून काही नाही. संध्याकाळी मी कॉटशेजारी बसतो, हात त्यांच्याजवळ ठेवतो. टॉवेल खांद्यावरच असतो.