कॅरोसेलचा खरा अर्थ

आमच्या भाऊजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, काम सोडून सगळं येतं. जन्मात एक नोकरी धड टिकवली नाही, पण इंग्रजी शब्द कानावर पडायचा अवकाश, त्याच्या सात पिढ्या काढून दाखवतील.

ताई मेळ्यातल्या फिरत्या घोड्यांच्या तिकीटखिडकीवर नऊ वर्षं बसली. यंदा मालक म्हणाले, "उद्घाटन नीट पार पाड, मग ह्या घोड्यांचा सगळा कारभार तुझा." बिचारी आठवडाभर हवेत होती. तिथेच भाऊजींनी नाक खुपसलं.

मी घोडे रंगवत होतो, हे डोक्यावर उभे. "कॅरोसेल म्हणजे काय, ठाऊक आहे? युरोपातल्या घोडेस्वारांचे लढाईचे खेळ! लाकडी घोडे मागाहून आले. भाला उजव्या हातात, म्हणजे उजवा हात बाहेरच्या बाजूला हवा. तुमचे घोडे उलटे फिरतात!"

"भाऊजी, इथे भाला कोण आणतंय? पोरं आइस्क्रीम आणतात."

"अडाणी लेकाचा."

ताईला नवऱ्याच्या विद्येचं भारी कौतुक. तिने वायरमनकडून मोटर उलटी फिरवून घेतली. झालं! घोडे शेपटीच्या दिशेने पळायला लागले. कुणालाही लाज वाटली असती. हे म्हणाले, "मग घोडे वळवा, त्यात काय!" उद्घाटनाच्या सकाळी मी आणि वायरमनने चोवीस घोड्यांचे बोल्ट काढून एकेक वळवला आणि संध्याकाळपर्यंत वर ताडपत्री टाकली.

आता ह्या घोड्यांची एकच बाजू रंगवतात, लोकांना दिसते ती. आतल्या बाजूला नुसता करडा प्राइमर. सांगायला गेलो, तर ताईसमोर मला म्हणतात, "रंगाऱ्याने आपला ब्रश सांभाळावा." म्हटलं, मरा तिकडे! मीही तोंड शिवलं.

संध्याकाळी दिवे लागले आणि गर्दीपुढून चोवीस करडे, बिनडोळ्यांचे घोडे फिरले. पुढच्या पोरांनी भोकाड पसरलं. एकही जण बसेना.

मालक लालबुंद. "ही अक्कल कुणाची?"

ताईने नवऱ्याकडे पाहिलं. भाऊजी एक पाऊल पुढे आले. वाटलं, चला, आयुष्यात एकदा तरी माणसासारखा वागतोय.

"मी हिला बजावत होतो," ते म्हणाले. "ऐकेल तर ना!"

ताईने कमरेची तिकीटखिडकीची किल्ली काढली आणि मालकांच्या हातावर ठेवली.

मी हातभर अंतरावर उभा होतो. मालक माझ्याकडे वळले, "दुसरी बाजू उद्यापासून रंगवायला घेशील?"

"घेतो," मी म्हणालो.