ब्रोनिया वरच्या मजल्यावर राहायला गेली

ब्रोनिया पिलार्स्की बहिणीच्या आजारपणात तिच्या गावी, इरीला गेली, आणि तेवढ्यात तिच्या नवऱ्यानं घरातले रेडिएटर उपटून भंगारवाल्याला देऊन टाकले. हे आठवलं की माझं डोकं आजही तापतं, आणि मी तर नुसती शेजारीण.

अमेरिकेतल्या बफेलोच्या आमच्या पोलिश गल्लीतली घरं सगळी लाकडी, दुमजली. खाली मालक, वर भाडेकरू. तळघरातल्या बॉयलरमधून गरम पाणी दोन्ही मजल्यांवरच्या भिंतीलगतच्या लोखंडी रेडिएटरांत फिरायचं, आणि खोल्या उबदार राहायच्या. ब्रोनिया इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला होती. तिथं दिवसभर मोठाले पंखे गरम वारा फेकायचे, कपड्यांची बारीक तुसं नाकातोंडात जायची. ती खोकतच घरी यायची, स्वयंपाकघरातल्या रेडिएटरला पाठ टेकून उभी राहायची, आणि मग कुठं तिचा चेहरा सैल पडायचा. तिथं आवाज नव्हता, वारा नव्हता.

तिचा नवरा चेस्टर पोलादाच्या कारखान्यात रात्रपाळी करायचा आणि दिवसा झोपायचा. उन्हाळ्यात त्याच्या झोपेचे हाल व्हायचे, हे मी नाकारत नाही. त्याचा धाकटा भाऊ नॉर्बर्ट गरम हवेच्या भट्ट्या बसवायचा. त्यानं चेस्टरच्या डोक्यात भरवलं की घरभर पत्र्याच्या नळ्या टाकल्या की हिवाळ्यात गरम हवा आणि उन्हाळ्यात गार, दोन्ही त्यातूनच येतात.

वर्षभर त्या घरात हाच वाद. एकदा मीही तिथं बसले होते.

“वहिनी, ही लोखंडाची धुडं आता कोण ठेवतं?” नॉर्बर्ट म्हणाला. “बटण फिरवलं की लगेच घर गरम.”

“मी दिवसभर तसल्याच वाऱ्यात उभी असते. घरी येऊन पण तोच खाऊ?”

“जाळी लावतो ना. धूळ अडते.”

“मग लाव तुझ्या घरी. इथं नाही.”

चेस्टर मान खाली घालून बीटचं सूप ओरपत होता. “बरं बाई, नाही तर नाही,” तो म्हणाला. विषय मिटला, असं ब्रोनिया समजली.

नोव्हेंबरात ती इरीहून परतली तेव्हा बसथांब्यावरून मीच तिला गाडीत घालून आणलं. दार उघडताच गरम वारा तोंडावर आला. भिंतींवर रेडिएटरांच्या जागी भिंतीच्या कागदाचे न विटलेले चौकोन होते, जमीन कापून हवा यायला लोखंडी जाळ्या बसवल्या होत्या. दोघे भाऊ हसत उभे होते.

“मी नाही म्हटलं होतं,” ब्रोनिया म्हणाली.

“अगं, एकदा सवय झाली की...”

“मी नाही म्हटलं होतं, चेस्टर. आणि तू बरं म्हणालास.”

“वहिनी, तुम्हाला खूश करायचं होतं,” नॉर्बर्ट म्हणाला.

“मला खूश करायला मी गावाबाहेर असावी लागते?”

वरचा मजला तेवढा वाचला होता. भाडेकरू सोडून गेले होते, आणि तिथलं काम नॉर्बर्ट थंडी सरल्यावर करणार होता. त्यामुळे बॉयलरही अजून शाबूत होता. ब्रोनियानं हातातली बॅग खाली ठेवलीच नाही. तळघरात जाऊन बॉयलर पेटवला आणि जिना चढून गेली. तिचा पलंग दुसऱ्या दिवशी मी आणि माझ्या नवऱ्यानं वर नेला.

“लोक काय म्हणतील?” चेस्टर जिन्याखालून म्हणाला.

“सांग त्यांना, बायको वर राहते. खोटं बोलायची सवय फक्त माझ्यापुरती ठेव.”

चर्चमधले फादर समजूत घालायला आले. पत्र्याच्या नळ्यांवरून कुणी संसार मोडतं का, असं त्यांनी विचारलं. “नळ्यांवरून नाही, फादर,” ती म्हणाली. “या घरात माझं बोलणं कुणाला ऐकू येत नाही, त्यावरून.” फादर कॉफी पिऊन गेले.

ती भट्टी बिघडली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ती झकास चालली. चेस्टरला उन्हाळ्यात गाढ झोप लागायची. उठला की मात्र डब्यातलं थंड मांस खायचा, आणि वरून तिच्या पावलांचा आवाज ऐकायचा.

पुढच्या हिवाळ्यात एका रविवारी तो वर गेला. मी तिच्याबरोबर पिएरोगी, म्हणजे आमच्या उकडलेल्या करंज्या, भरत होते. तो दारातच उभा राहिला. “खाली काही त्रास नाही,” तो म्हणाला. “पण मी चुकलो. भावाला नाही म्हणायचं धाडस नव्हतं, म्हणून तुला फसवलं.”

ब्रोनियानं हात पुसले नाहीत. “बस, जेव,” ती म्हणाली. जेवून तो खाली झोपायला गेला. असं कित्येक वर्षं चाललं. कारखाना बंद पडला, दिवसा झोपायचं कारण उरलं नाही, तेव्हा तो कायमचा वर आला. खालचा मजला एका तरुण जोडप्याला दिला. त्यांना ती गरम हवा फार आवडते.

नॉर्बर्टला मात्र तिनं वर कधी बसू दिलं नाही. एका नाताळच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तिच्याकडे जेवायला बसलो असताना तो न विचारता वर आला. त्या रात्री आमच्या लोकांत वाट चुकलेल्या पाहुण्यासाठी एक ताट जास्तीचं मांडतात. नॉर्बर्टनं त्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

“वहिनी, जागा तर आहे.”

“ती अनोळखी माणसासाठी आहे,” ब्रोनिया म्हणाली. “तुला मी चांगली ओळखते.”

चेस्टरनंच उठून भावासाठी दार उघडून धरलं. नॉर्बर्ट कोट न काढताच जिना उतरून गेला, आणि ब्रोनियानं माशाचं ताट माझ्याकडे सरकवलं.