चतुराबाईचं बस्कर

चतुराबाईनं राजूरच्या गणपतीपुढं उभं राहून कडक सोवळं धरलंय, आता ती दुसऱ्याच्या घोंगडीला शिवत नाही, स्वतःच्या बस्करावरच टेकते, हळदीच्या दळणाआधी दोन दिवस मिरचीला तोंड लावत नाही, अशी आवई निजामाच्या फसली सन तेराशे चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात सबंध तीर्थपुरीत पसरली. पसरत पसरत ती पार शहागडाला पोचली. तिथं माझी नणंद दिलेली आहे. तिनं सणाला आल्यावर मलाच ती ऐकवली, आणि मी डोळे मोठे करून ऐकून घेतली. कारण आवई उठवणारी मीच होते.

यातलं बस्कर खरं. बिनमिरचीचं जेवणही खरं. बाकीचं माझ्या तोंडचं. चतुराबाईचं पाचवं मूल पायाळू आलं आणि दीड दिवस अडलं. सुईणीनं दोघांचे जीव वाचवले, पण बाई आतून अशी फाटली की परसाकडचं तिच्या ताब्यात पुरतं राहिना. फार नाही. खोकली, हसली, जड ओढलं की थोडंसं निसटायचं, लुगड्याला हाली पैशाएवढा डाग पडायचा. ते बस्कर तेवढ्यासाठी. आज तिच्या मांडीवर नातू खेळतो आणि "सांग गं सोने आता, पोरीबाळींना तरी उपेगी पडंल," असं तीच म्हणते, म्हणून सांगते. नाहीतर मी इतकी वर्षं एखादी गोष्ट पोटात ठेवली, यावर गावात कुणाचा विश्वास बसायचा नाही.

आमच्या दोघींच्या परसांत एकच भिंत, छातीएवढी. टाच उचलली की पलीकडचं सगळं दिसतं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी टाच उचलूनच आहे. वेल मी लावायचा, दोडके तिच्या बाजूला लागायचे. तिची म्हैस दोन्ही वेळा दूध द्यायची, माझी माझ्याकडं बघायची. तिचे मालक धर्मराजभाऊ बायकोला "अहो, ऐकलं का" म्हणायचे. आमचे मालक मला नुसतं खाकरून बोलवायचे.

पण हे सगळं मी सोडून दिलं असतं. सोडवत नव्हतं ते जातं. गावात कुणाचंही लग्न निघो, हळदीच्या जात्याला हळकुंड बांधलं की पहिली मूठ चतुराबाईची आणि पहिली ओवीही तिचीच. जात्याभोवती पाच सवाष्णी बसायच्या, पण चौघी नुसत्या नावाला. तिनं तोंड उघडलं की मांडव घालणारी माणसं बांबू हातात धरून तशीच उभी राहायची. गळा माझाही काही वाईट नव्हता. आमचे मालक म्हणायचे, "वंगण न घातलेल्या गाडीपरीस पुष्कळ बरा हाय."

पाचव्या बाळंतपणानंतर माघ-फाल्गुनातल्या चार लग्नांना चतुराबाई आलीच नाही. "कंबर धरलीय," एवढंच सांगायची. मला वाईट वाटलं असेल, असं तुम्हांला वाटत असेल तर तुम्ही मला ओळखत नाही. चारी लग्नांत पहिली मूठ मी टाकली. पहिल्या दिवशी असा सूर लावला की दावणीचं वासरू दावं तोडून पळालं. दळण संपल्यावर दुर्गाबाई जवळ आली. ही आमच्या गल्लीतली वडीलधारी. हळदीला कोण बसणार आणि कोण नाही हे तीच ठरवायची. म्हणाली, "हळद बराबर दळली गं सोने. पण लगीन निघाल्यावानी वाटंना."

मी इकडं गळा फाडत होते तेव्हा पलीकडं चतुराबाई काय करत होती, ते मला नंतर कळलं. तिला जात्यावर परत यायचं होतं, आणि जातं ओढताना जोर नेमका पोटावर येतो. शिवाय दुर्गाबाईची करडी नजर. आदल्याच वर्षी एका सुनेच्या पायाला गळवाची पट्टी दिसली म्हणून तिनं भरल्या बायकांतून तिला उठवलं होतं. "हळदीला असलं चालत न्हाई." त्या सुनेला पुन्हा कुणी बोलावलं नाही. चतुराबाईचा एक डाग दिसला असता तर संपलंच होतं.

आधी तिनं जुन्याची चिंधी घेऊन पाहिली. ती गोळा होऊन एका बाजूला सरकायची आणि ओल पार बाहेर यायची. मग घरचा कापूस घेतला. आपल्याला वाटतं, कापूस पाणी पितो. कच्चा कापूस पीत नाही. अळूच्या पानावरून थेंब पळावा तसं पाणी त्याच्यावरून पळतं. घरात ढीगभर कापूस, आणि एक बोंड उपयोगाचं नाही! म्हणाली, "त्या दिवशी मी कापसापुढं बसून रडली." मग तिच्या ध्यानात आलं, की राखेच्या पाण्यात उकळलेली गोधडी नव्या गोधडीपेक्षा जास्त पाणी धरते, वाळता वाळत नाही. तिनं कापूस राखेच्या पाण्यात उकळला, तीन पाण्यांतून काढला, उन्हात वाळवला, पिंजाऱ्याकडून पिंजून आणला. आणि तो प्यायला लागला.

त्याची तिनं घडी शिवली. वीतभर लांब, चार बोटं रुंद. अंगाला जुन्या धोतराचं मऊ फडकं, मधे तो कापूस, खाली दाट मांजरपाट, आणि गोधडीला घालतात तसे आडवे टाके, म्हणजे कापूस जागचा हलत नाही. एका बाजूची शिवण मोकळी. वापरलेला कापूस काढून खड्ड्यात पुरायचा, कापड धुवायचं, नवा भरायचा. दोन्ही टोकांना नाड्या, त्या कमरेच्या दोऱ्याला. वरून लुगड्याचा काष्टा. कुणाला काय कळतंय? तरीही भरवसा नको म्हणून बस्कर शिवलं, काळ्या-तांबड्या तुकड्यांचं, आणि त्याच्या पोटात मेणकापड. जेवणाचं मिरची-तेल बंद केलं, कारण ते खाल्लं की पोट ढिलं व्हायचं.

वैशाखातल्या पहिल्या लग्नाला ती काखेत बस्कर मारून आली. बायका बघतच राहिल्या.

"का गं चतुरे, आमची घोंगडी टोचती काय?" दुर्गाबाईनं विचारलं.

"टोचती," चतुराबाई म्हणाली, बस्कर टाकलं, बसली, खुंट्याला हात घातला आणि गायला लागली. माझी चार लग्नं एका ओवीत पुसली गेली.

मी पेटले. दुसऱ्या दिवशी नदीवर धुणं आपटता आपटता म्हणाले, "बाईनं सोवळं धरलंय राजूरच्या गणपतीपुढं. आपण आता तिला इटाळ!" मला वाटलं, बायका चिडतील, म्हणतील एवढा ताठा असेल तर बसू दे घरी. झालं उलटंच. दुर्गाबाईनं ओल्या हातांनी तिथूनच नमस्कार केला. "पाच लेकरांचं घर सांभाळून एवढं पाळून राह्यली, माय! आपल्याच्यानं व्हईल का?" पुढच्या लग्नात चतुराबाईची जागा सारवून, रांगोळीचं बोट ओढून ठेवली होती. तिला पाण्याचा तांब्या निराळा. मी लावलेली काडी तिच्या देवघरातली समई पेटवून आली.

आणि मग साथच आली. जी ती काखेत बस्कर घेऊन हळदीला यायला लागली. कचरूलाल कापडवाल्याची सुगनबाई आली ती सोनेरी गोट्याची किनार लावलेलं घेऊन. "बैठनेको अपना अपना चाहिए, बाई," असं म्हणत. मी मागं राहते का? मी चार कोपऱ्यांना चार पोपट काढले, डोळ्यांना काचा लावल्या. बसले, आणि कुणीतरी विचारील म्हणून वाट बघितली. दुर्गाबाई म्हणाली, "सोने, तुझे पोपट जरा सरकीव. चतुराबाईचा पाय लांब होऊ दे."

त्याच आठवड्यात मी भिंतीशी टाच उचलली. धर्मराजभाऊंनी परसात पऱ्हाटीची, कापसाच्या वाळल्या काड्यांची, वळई आडवी रचली होती. तिच्यामागं दोरीवर लुगडं, आणि लुगड्याखाली सात घड्या ओळीनं वाळत. चिंध्या कुठल्या बाईनं पाहिलेल्या नसतात? पण चिंधीला कुणी गोधडीचे टाके घालतं? नाड्या लावतं? माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला: ही गुडघ्याला बांधायची गादी! म्हणूनच बाई इतका वेळ जात्याशी बसते आणि गुडघा धरत नाही. बस्कर नुसतं दाखवायला, खरी करामत हीच. वळईतली लांब पऱ्हाटी काढली, भिंतीवरून हात लांबवला आणि त्यातली एक ओढून घेतली.

दुर्गाबाईच्याच नातीचं लग्न होतं. जात्याशी चतुराबाई, तिच्यासमोर मी. सगळ्यांना दिसेल अशी ती घडी मी लुगड्यावरून गुडघ्याला बांधली होती, नाड्यांची छान बोंडगाठ मारून. चतुराबाईची ओवी रंगात आली होती. अर्ध्या ओळीत तिची नजर माझ्या गुडघ्यावर आली आणि ओवी तुटली. जातंही थांबलं. चालतं जातं असं मधेच थांबवायचं नसतं. साऱ्या बायका वळल्या.

"काय झालं?" दुर्गाबाई म्हणाली. मग तिचीही नजर तिथंच आली. "आन् हे काय गं सोने, गुडघ्याला काय बांधलंस?"

उत्तर माझ्या ओठावर तयार होतं: चतुराबाईची युक्ती हाय, मी बी केली! तेवढ्यात मी तिच्याकडं बघितलं. एका हातानं खुंटा धरून ती दुसऱ्या हातानं पदर पुढं ओढत होती. अशी नजर मी तिच्या डोळ्यांत कधी पाहिली नव्हती. खाली बघितलं, तर धुतलेल्या फडक्यावर फिकट, जाता जात नाही असा डाग. चार महिन्यांची कंबर, मेणकापड, बिनमिरचीचं जेवण, हसू आलं की ओठ आवळून धरणं, सगळं माझ्यापुढं एकदम ओळीनं उभं राहिलं.

आता माझी एक ओळ, आणि पहिली मूठ जन्मभर माझी. खोटं कशाला बोलू, ती ओळ जिभेवर क्षणभर थांबली. मग माझा हळदीनं भरलेला हात आपोआप गुडघ्यावर गेला आणि ती घडी मी दोनदा चोळून पिवळी धम्मक केली.

"वात आलाय, माय. शेकायला कढत वाळू बांधलीय. चतुरे, थांबलीस का? जातं चालू ठेव, हळद रुसंल."

"आधी सांगायचं न्हाई का? बस, बस. हलू नको," दुर्गाबाई म्हणाली. जातं फिरलं. ओवी पुन्हा जिथं तुटली होती तिथूनच सुरू झाली, आणि मला ती आधीपेक्षाही गोड लागली, याचा राग आला तो वेगळाच. त्या दिवसापासून गावाच्या लेखी मला वात आहे. बारा वर्षं झाली, अजून लोक निरगुडीचा पाला आणून देतात.

दुपारी चतुराबाई भिंतीशी आली आणि हात पुढं केला. "दे." मी घडी दिली. तिनं हळद झटकली आणि सगळं सांगितलं, बाळंतपणापासून राखेच्या पाण्यापर्यंत. मी ऐकलं. वाटलं, आता ही माझा हात धरील, डोळ्याला पदर लावील, म्हणेल सोने तू होतीस म्हणून. छे. घडीचे टाके उसवले का ते बघत उभी राहिली. मी पुन्हा पेटले.

"फुकटात न्हाई बरं का," मी हसत म्हणाले, पण सगळं हसण्यावारी नव्हतं आणि ते तिलाही कळलं. "आता पुढच्या लग्नाला पहिली मूठ माझी. न्हाईतर सांगून टाकीन दुर्गाबाईला."

चतुराबाईनं घडीची घडी केली, कमरेला खोचली आणि म्हणाली,

"सांग की. पण पुरं सांग, सोनूबाई. माझी मी अंगावर झाकून आणती. हळदीच्या सुपापाशी उघडी आणून मांडली ती तू. मंग दुर्गाबाई आधी कुणाला उठवंल?"