जपानी साहेब आणि हापूसची करंडी

एकोणीसशे तीसच्या सुमारास मी रत्नागिरीत एका छत्र्यांच्या दुकानात कारकून होतो. जपानी छत्र्यांची एजन्सी मिळावी म्हणून आमचे शेठ देव पाण्यात घालून बसले होते. अखेर मुंबईहून कंपनीचा जपानी साहेब दुभाष्याला घेऊन आला.

शेठनी हापूसची करंडी पुढे केली. साहेबाने ती दोन्ही हातांनी घेतली, कमरेत वाकला आणि न उघडताच बाजूला ठेवली.

"गेली एजन्सी," शेठ माझ्या कानात पुटपुटले. "आंब्याकडे बघतसुद्धा नाही मेला!"

दुभाष्या म्हणाला, "तसं नाही शेठ. देणाऱ्यासमोर भेट उघडणं म्हणजे त्यांच्यात हावरटपणा."

"अहो, पण आंबे आजच खायचे झालेत! रीत सांभाळता सांभाळता कुजतील त्याचं काय?"

शेठनी स्वतःच करंडी उघडली आणि आंबा कापून फोडी पुढे केल्या. साहेबाने दुभाष्याकडे पाहिलं. दुभाष्याने छताकडे. मग साहेबाने एक फोड उचलली. तिसऱ्या आंब्याचा बाठा तर त्याने खुणेने मागून घेतला, आणि रस कोटाच्या बाहीत शिरला तरी सोडला नाही.

एजन्सी आम्हालाच मिळाली. आपल्या इंग्रजीची छाप पडली, असं शेठ पुढे सगळ्यांना सांगत. त्यांना एकच इंग्रजी शब्द येत होता, आणि त्या दिवशी त्यांनी तोही उच्चारला नव्हता.