कोरड्या हवेतला काळा थर

मुदखेडची सृष्टी नांदेडच्या एका कॉलेजात संशोधन करायची. काचेवर पेरोव्हस्काइट नावाच्या क्षारांचा पातळ थर चढवायचा. ऊन पडलं की त्यातून वीज निघते. मोठ्या संस्थांत हे काम कोरड्या वायूच्या बंद पेटीत चालतं. सृष्टीकडे तसली पेटी नव्हती, मराठवाड्याचा उन्हाळा होता. वैशाखात दुपारची हवा अशी कोरडी होते की ओठ फुटतात. तेव्हा ती खिडक्या लावून, पंखा बंद करून कामाला बसायची. पावसाळाभर पांढुरका निघणारा थर त्या दिवसांत आरशासारखा काळाभोर निघायचा.

सगळी कसोटी द्रावकाची. क्षार ज्यात विरघळवले ते द्रावक घाईनं उडालं तर थराला भोकं पडतात, रेंगाळलं तर दाणे वेडेवाकडे वाढतात. म्हणून काच गरगर फिरत असताना नेमक्या क्षणी दुसऱ्या द्रावकाची धार सोडायची. पाकाची तार ओळखावी तसा तो क्षण तिला कळायचा.

हैदराबादच्या एका संस्थेतून डॉ. मालविका तिचं काम बघायला येणार होत्या. त्यांच्यासमोर थर करून दाखवायचा. पटला तर तिथं नोकरी. याच आशेवर तिनं घरातली लग्नाची बोलणी थोपवून धरली होती.

त्या दिवशी सकाळी ती प्रयोगशाळेत आली, तर दारात कूलर लावलेला आणि शिपाई मलप्पा त्याच्या वाळ्याच्या ताट्यांवर बादलीनं पाणी ओतत होता.

"मामा, हे कशाला?"

"सरांचा हुकूम. म्हणले, ह्या भट्टीत पाहुणीचा पापड व्हायचा. तुमचं काय ताई, तुम्ही भाजून पक्क्या झालात!"

ती विभागप्रमुखांकडे, अनंतराव सरांकडे धावली.

"सर, कूलरनं हवेत ओल येते. थर बिघडंल. तेवढ्यापुरता बंद ठेवला तर..."

"अगं, दारी आलेल्या बाईला घामात बसवायचं? काय म्हणतील नांदेडला? आणि पाच मिनिटांचं तर काम तुझं."

वडील तिचं शिक्षण सोडवायला निघाले होते, तेव्हा हेच सर मुदखेडला येऊन तिच्या ओसरीवर बसले होते. वडिलांची बोलणी खाऊन तिला परत घेऊन आले होते. ती तशीच माघारी फिरली.

मालविकाबाई आल्या. कूलरसमोर त्यांना खुर्ची, हातात ताकाचा पेला. सृष्टीनं काच आधी तापवून घेतली, धार जरा लवकर सोडली. ओल्या हवेशी जेवढं भांडता येतं तेवढं ती भांडली. काचेवर तपकिरी रंग चढला तेव्हा तिचा जीव क्षणभर भांड्यात पडला. पण थर पक्का करायला काच तापत्या तव्यावर ठेवताच कडेनं पांढरी झाक सरकू लागली.

"पुन्हा करा," बाई शांतपणे म्हणाल्या.

दुसरी काचही तशीच निघाली. तिसरी त्याहून वाईट.

बाईंनी खोलीभर नजर फिरवली. "नेहमी असंच होतं? की आज इथं काही वेगळं आहे?"

सर तिच्या शेजारीच उभे होते. धुतलेला पांढरा शर्ट, कपाळावर काळजीचा घाम. पाहुणचारात काही उणं राहिलं का, एवढंच ते बघत होते. सृष्टीला एक वाक्य बोलायचं होतं. बोलली असती तर त्या कूलरसकट सरांची अक्कल पाहुणीपुढं मांडली गेली असती.

"नाही मॅडम," ती म्हणाली. "माझा हात चुकला."

बाईंनी मान हलवली. जेवण झालं, शाल-श्रीफळ झालं, गाडी गेली. महिन्याभरानं सरांना फोन आला. कल्पना चांगली आहे, पण हाताचा भरवसा नाही. आम्हाला रोज तोच थर काढणारं माणूस पाहिजे.

सरांनी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

"सर, त्या दिवशी कूलर..."

"आता हवेवर ढकलू नकोस, सृष्टी. बाईंनी एवढं सरळ विचारलं, तेव्हा तूच तर म्हणालीस." ते हळू आवाजात बोलत होते, पोरीला टोचू नये म्हणून. "हात चुकतो हे मला आधी सांगायचंस ना. मी दुसऱ्या कुणाला तरी बसवलं असतं."

ती "हो सर" म्हणाली आणि उठली. त्याच आठवड्यात तिनं घरी कळवलं, पाहुणे बघायला येऊ द्या.