हुरहूर गेली तेव्हा

सक्करदऱ्याची जिजाबाई बावीस वर्षं मनोरुग्णांच्या वार्डात आया होती. डॉक्टरांच्या छापील कागदावर 'उदास' असा एकच शब्द असे. आमच्या भागात उदास कोणी होत नाही. कोणाला करमत नाही, कोणाचा जीव लागत नाही, कोणी उबगून जाते. यातला फरक जिजाबाई माणसाच्या तोंडाकडे पाहूनच सांगे. जुने डॉक्टर तिला विचारून मगच लिहीत. नव्या मिनल मॅडम पुण्याच्या. मराठी त्यांचीही होतीच, विचारायचं कशाला?

इतवारीच्या बाजारात भांडी विकण्यात जन्म घालवलेले मनोहरराव, बायको गेल्यापासून जेवत नव्हते, म्हणून भरती झाले. तीन हप्ते एकच सांगत, संध्याकाळ झाली की हुरहूर लागते. त्या सकाळी मॅडमनी विचारलं, "हुरहूर आहे अजून?"

"गेली. आता काहीच नाही वाटत."

"छान!" मॅडम दवाखान्यातून सुटीचा कागद लिहायला बसल्या. मनोहररावांचा पोरगा अमोल पिशवी भरायला लागला.

जिजाबाई पलंगापाशी आली. "काकाजी, कायची हुरहूर लागे तुमाले?"

"हिची. वाटे, आता ही येईन, कडी वाजवीन."

"अन् आता?"

"आता कोणाची वाट नाही पाहत वं."

अमोल चिडला. "बाई, माणूस बरा होऊन राहिला, अन् तू काहून खोदून राहिली?"

"बरा झालेला माणूस खायाले मांगते गा. तुह्या बापानं काय मांगतलं?"

अमोलनं पिशवी खाली ठेवली. "मांगतलं नाही... सकाळी मले हातातली घडी काढून देल्ली. म्हणे, तुह्यापाशीच राहू दे."

मॅडमचा पेन थांबला. जिजाबाई म्हणाली, "हुरहूर होती तवर हे वाट तरी पाहून राहिले होते. हे बरे नाही झाले मॅडम, जिवाले उबगले. सरळ इचारा."

मॅडमनी खुर्ची जवळ ओढली. "काका, जीव द्यायचं मनात आहे?"

मनोहररावांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मग म्हणाले, "घरी गेल्यावर."

मॅडमनी कागद फाडला. अमोलनं भरलेली पिशवी पुन्हा रिकामी केली.

मनोहरराव एकदम जिजाबाईवर उखडले. "तुले कोणं इचारलं होतं वं? मोठी आली शहाणी!"

"राग नोको मानू, मावशी," अमोल पुटपुटला.

"भांडू दे गा त्याईले. काही वाटून तरी राहिलं," जिजाबाई म्हणाली. तिची कामाची पाळी संपली होती. तिनं स्टूल ओढलं आणि मनोहररावांच्या शिव्या खात तिथंच बसून राहिली.