चंद्रप्रभा आणि वसतिगृहाची लाईन

नळदुर्गच्या आमच्या मुलींच्या वसतिगृहाचं इंटरनेट चंद्रप्रभा सांभाळते. तामलवाडीची सून. सकाळी कांद्याच्या रानात, दुपारी नर्सिंगच्या पोरींच्या लॅपटॉपमागं. मी रेक्टर असून मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

एका दुपारी शेवटच्या वर्षाच्या इराची व्हिडिओवर मुलाखत होती, हैदराबादच्या एका दवाखान्याची. वडील गेल्यापासून घर तिच्या नोकरीकडं डोळे लावून. अन् ऐन वेळेला लाईन अशी बसली की साधं पान उघडंना.

"सिनेमे उतरवताय न्हवं का गं?" मी जिन्यातून ओरडले.

"देवीची शपथ बाई, ते कालच उतरले. आता कायबी चालू न्हाय!" वरच्या खोलीतली अर्पिता म्हणाली.

"लई उपकार झाले!"

जिन्याखाली बसलेली चंद्रप्रभा लॅपटॉपच्या पडद्याकडं बघून हसली. "पोरगी खरं बोलती, बाई. या घेत न्हायत, देतायत."

तिनं मला दाखवलं. टोरंटवरचा, म्हणजे पोरी फुकटात उतरवतात तो सिनेमा एका ठिकाणाहून येत नाही. ज्याच्याकडं जेवढा तुकडा, तेवढा तो देतो. घेणाऱ्याचं यंत्रही लगेच दुसऱ्यांना वाटायला लागतं, मालकिणीला पत्ताच नसतो. आमच्या खोल्यांतून तुकडे चालले होते ब्राझीलला, पोलंडला, कुठल्याशा बेटावर, अन् त्यातच लाईन तुंबली होती. माल चोरीचा खरा, पण माझ्या अंगावर काटा आला. पाच घरी जोगवा मागून परडी भरते हे ठाऊक होतं. मागणाऱ्याच्याच परडीतून जग जेवतं, हे पहिल्यांदा पाहिलं.

"मग बंद करायला सांग की!"

"कुणाला? निम्म्या पोरी ड्युटीवर. खोल्यांना कुलपं, लॅपटॉप आत चालू."

आमच्या लाईनवर प्रॉक्सी आहे, म्हणजे नाक्यावरचा माणूस, पोरींचं मागणं त्याच्या हातून बाहेर जातं. टोरंट त्याला चुकवून आडवाटेनं पळतं. चंद्रप्रभानं त्या सगळ्या आडवाटा बंद केल्या. लाईन मोकळी झाली, तोच इरा रडकुंडीला येऊन धावत आली.

"ताई, आता तर व्हिडिओच लागंना!"

तोही आडवाटेनंच जायचा. वाटा उघडाव्यात तर टोरंट परत घुसणार. चंद्रप्रभानं यादीत इराचा लॅपटॉप शोधला. मग तिनं एकट्या इराच्या लॅपटॉपपुरती वाट सोडली.

"जा, बस."

आम्ही दोघी दाराबाहेर उभ्या राहिलो. मी मनात आई भवानीचं नाव घेतलं. आतून आवाज आला, "होय सर, ऐकू येतंय." मग तिकडून प्रश्न, इकडून उत्तर. इतक्या लांबचं ते माणूस जणू खाटेवर तिच्याशेजारीच बसलं होतं, अन् इरा त्याला भाजलेल्या माणसाची जखम कशी धुवायची ते न अडखळता सांगत होती.